सेन्सर बदलण्याआधी त्याचा सिग्नल पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत मोटारींच्या देखभालीविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. चालती गाडी अचानक बंद पडणे, सेल्फ मारूनही इंजिन सुरू न होणे, अशा तक्रारींबद्दल लेखकाने सोप्या भाषेत बरीच उपयुक्त माहिती दिली आहे. परंतु त्यात एके ठिकाणी असे म्हटले आहे की, स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) किंवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या पोझिशन सेन्सरचा दोष-कोड दिसला तर तो सेन्सर बदलून घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटतो. मी गेली २२ वर्षे मोटारींच्या विजेच्या आणि इंजिन नियंत्रणाच्या दुरुस्तीचे काम करतो. या एका समजुतीपायी किती चांगले सेन्सर निष्कारण भंगारात गेले आणि गाडीचे दुखणे मात्र जागच्या जागी राहिले, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पी ०३३५ हा कोड घ्या. त्याच्या प्रमाणित व्याख्येत क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, असे म्हटलेले असते. कॅमसाठी जो पी ०३४० कोड आहे, त्याच्या व्याख्येतही सर्किट हाच शब्द येतो. या सर्किटमध्ये सेन्सर तर येतोच, पण त्याच्यासमोर फिरणारे दातेरी चाक, त्या दोघांमधली गॅप, कपलर (तारा जोडणारा प्लग) आणि त्यातल्या पिना, इंजिनावरून ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकापर्यंत, गेलेल्या तारा, अर्थिंग आणि खुद्द ईसीयूमधला हा सिग्नल घेणारा भाग, एवढे सगळे त्यात येते. ईसीयू या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला बसलेला असतो. यायला हवा तो सिग्नल आला नाही, किंवा आला तो वेडावाकडा आला, एवढेच त्याला कळते. तो वाटेत कुठे अडला हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही. ते शोधणे मेकॅनिकचे काम आहे, आणि त्यासाठी माझ्या अनुभवात ऑसिलोस्कोपइतके, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर आलेखाच्या रूपात दाखवणाऱ्या उपकरणाइतके, उपयोगी दुसरे साधन नाही.

ठिणगी कधी पाडायची आणि इंधन कधी फवारायचे हे ठरवण्यासाठी, पिस्टन या क्षणी कुठे आहे हे ईसीयूला ठाऊक असावे लागते. क्रँकशाफ्टवर, बहुधा फ्लायव्हीलच्या बाजूला किंवा पुढच्या पुलीमागे, बसवलेल्या दातेरी चाकावरून त्याला ते कळते. पुष्कळ इंजिनांत हे चाक ६० दातांच्या मापाचे असते, पण त्यातले लागोपाठचे २ दात मुद्दाम ठेवलेले नसतात. म्हणजे प्रत्यक्षात दात ५८ असतात. एका दाताच्या वाट्याला ६ अंश येतात, आणि जिथे दात नाहीत ती मोकळी जागा ही फेरी मोजण्याची खूण ठरते. काही इंजिनांत ३६ पैकी १ दात नसतो. तिथे एका दाताच्या वाट्याला १० अंश येतात. क्रँकच्या २ फेऱ्या होतात तेव्हा कॅमची १ फेरी होते. त्यामुळे पिस्टन वर आला आहे तो कॉम्प्रेशनसाठी की जळालेला वायू बाहेर ढकलण्यासाठी, हे एकट्या क्रँकवरून कळत नाही. त्यासाठी कॅमचा सेन्सर लागतो.

साठ दातांच्या चाकाचे एक सोयीचे गणित आहे. मिनिटाला जितक्या फेऱ्या, सेकंदाला तितक्याच दातांच्या जागा सेन्सरसमोरून जातात. इंजिन आयडलिंगला ८०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ८००, आणि ३००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ३०००. साधा मल्टिमीटर सेकंदाला तीन-चार वेळाच आकडा बदलतो. म्हणजे आयडलिंगलासुद्धा त्याच्या एका आकड्यात दोनशे किंवा त्याहून अधिक दातांची गोळाबेरीज असते. त्यातले तीन दात गळाले तर मल्टिमीटरच्या आकड्यावर काही उमटत नाही, पण इंजिनाला तेवढ्याने झटका बसतो आणि कधी ते बंदही पडते. दोष जितक्या वेगाने येऊन जातो तितक्या वेगाने पाहू शकणारे साधन हाती नसेल, तर तो सापडावा तरी कसा?

दोन तारांचा जो सेन्सर असतो, त्यात एक कायमचुंबक आणि बारीक तारेची कॉइल असते. त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. लोखंडी दात समोर येताना कॉइलमधले चुंबकत्व वाढते, दूर जाताना घटते, आणि या चढउतारामुळे कॉइलमध्ये वीज निर्माण होते. आमच्या क्षेत्रात या कॉइलचे ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, मोजून सेन्सरला बरे किंवा वाईट ठरवण्याची पद्धत आहे. हा आकडा साधारणपणे काही शे ते हजार-दीड हजार ओहम असतो. तो बरोबर आला तर, त्या क्षणी आणि त्या तापमानाला, कॉइलची तार अखंड आहे इतकेच सिद्ध होते. चुंबक क्षीण झाला आहे का, टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का, सेन्सर नीट न बसल्याने गॅप वाढली आहे का, चाकाचा एखादा दात मोडला आहे का, यांतले काहीही ओहमच्या आकड्यात उतरत नाही.

तोच सेन्सर ऑसिलोस्कोपला जोडून सेल्फ मारला की पडद्यावर जे दिसते ते एकदा तरी प्रत्येक मेकॅनिकने डोळे भरून पाहावे. सेल्फवर इंजिन मिनिटाला २५० फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल तर एका फेरीला २४० मिलिसेकंद लागतात. म्हणून पडद्याची रुंदी अर्ध्या सेकंदाची ठेवली की क्रँकच्या दोन फेऱ्या एका नजरेत मावतात. दातागणिक एक अशा ५८ लाटा ओळीने येतात, मग मोकळ्या जागेची उसंत येते, आणि त्या उसंतीला लागून असलेली शिखरे बहुधा इतरांपेक्षा थोडी उंच असतात. नीट पाहिले तर सगळ्या लाटा सारख्या उंचीच्या नसतात. पिस्टन कॉम्प्रेशनला चढू लागला की सेल्फवर ओझे येते, क्रँक मंदावतो, आणि लाटा किंचित बुटक्या व विरळ होतात. पिस्टनने माथा ओलांडला की त्या पुन्हा उंच आणि दाट होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीत असे दोन श्वास दिसतात. त्यातला एखादा श्वास दर दोन फेऱ्यांनी उथळ पडत असेल तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन जरूर तपासावे. सेन्सर तपासता तपासता इंजिनाच्या प्रकृतीचा हा अंदाज मिळतो, आणि तो मला नेहमीच मोलाचा वाटत आला आहे.

लाटांची उंची वेगाबरोबर वाढते, हे या प्रकारच्या सेन्सरचे वैशिष्ट्य आहे. सेल्फवर जो सिग्नल व्होल्ट-अर्ध्या व्होल्टाचा असतो, तो आयडलिंगला काही व्होल्टांचा होतो आणि वरच्या वेगाला त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणूनच गॅप वाढलेल्या किंवा चुंबक क्षीण झालेल्या सेन्सरची गाडी ढकलून सुरू होते, चालू असताना उत्तम चालते, पण सेल्फवर मात्र सुरू व्हायला त्रास देते. अशा वेळी सेल्फवरचा सिग्नलच पाहावा लागतो. चालू इंजिनावरचा सुंदर आलेख पाहून फसगत होते.

मात्र उंचीपेक्षाही, दोष कुठे आणि किती वेळाने परत येतो याकडे मी आधी पाहतो, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही हेच शिकवतो. दर फेरीला, मोकळ्या जागेपासून मोजून नेमक्या त्याच दाताशी लाट बिघडत असेल, तर दोष चाकात आहे: दात वाकला आहे, मोडला आहे किंवा तिथे काही अडकले आहे. सगळ्या लाटा दर फेरीत एकदा हळूहळू मोठ्या आणि हळूहळू लहान होत असतील, तर चाक डगमगत फिरते आहे. सगळ्याच लाटा सारख्याच बुटक्या असतील, तर गॅप किंवा चुंबक. आणि लाटा आल्या तर पूर्ण उंचीच्या, पण मधूनच, कुठेही, कसल्याही नियमाशिवाय नाहीशा होत असतील, तर आधी कपलर आणि तारा पाहाव्यात. अल्टरनेटर किंवा इग्निशनकडून सिग्नलमध्ये काटे घुसत असतील तर तेही इथेच दिसतात. पुष्कळदा तारेवरचे संरक्षक जाळीचे आवरण आधीच्या दुरुस्तीत कापून टाकलेले असते.

हे किती कामी येते याचे एक उदाहरण देतो. गेल्या वर्षी माझ्याकडे एक गाडी आली, ती तासभर चालली की बंद पडे आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होई. कोड पी ०३३५. आधी दोन ठिकाणी मिळून क्रँक सेन्सर दोनदा बदललेला होता, आणि आता ईसीयूच बदलावा लागेल असे मालकाला सांगण्यात आले होते. गाडीतून कुटुंबाला घेऊन बाहेर पडण्याची त्यांना धास्ती वाटू लागली होती. भर रहदारीत गाडी दोनदा बंद पडली होती. काढलेला एक जुना सेन्सर त्यांनी जपून ठेवला होता. तो मी मोजला, नवा मोजला. दोघांचे ओहम बरोबर. मग कपलरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवून ऑसिलोस्कोप लावला. थंड इंजिनावर आलेख इतका स्वच्छ होता की दुसरा कोणी असता तर त्याने हात झटकले असते.

मी इंजिन चालूच ठेवले आणि स्कोपला सतत नोंद करू दिली. चाळीसेक मिनिटांनी, ब्रेक घट्ट धरून गाडीला गिअरमध्ये थोडी ओढ दिली, तेव्हा आलेखात पहिले भगदाड पडले. तीन लाटा गायब. पुढच्या खेपेला अकरा. एकदा मोकळ्या जागेच्या आधी, एकदा नंतर, एकदा मधोमध. ज्या लाटा उरल्या होत्या त्या मात्र पूर्ण उंचीच्या होत्या. याचा अर्थ चाक ठीक, चुंबक ठीक, गॅप ठीक. राहिल्या तारा. हार्नेसवरून (तारांच्या जुडग्यावरून) हात फिरवत गेलो आणि गिअरबॉक्सजवळच्या एका ब्रॅकेटपाशी तार किंचित वाकवली, तर पडद्यावरची रेष सपाट झाली. सोडली, तर लाटा परत आल्या. बाहेरचे आवरण शाबूत होते, आतली तांब्याची तार तुटलेली होती. थंड असताना ताठ आवरण तुटलेली टोके एकमेकांना दाबून धरत होते. ते गरम होऊन मऊ पडले आणि त्यात ओढ घेताना इंजिन माउंटिंगवर कलले, की टोके सुटत होती. वीतभर तार बदलली आणि गाडीचा त्रास संपला. दोन सेन्सर बदलूनही जे साधले नव्हते ते एका आलेखाने साधले, कारण कुठे पाहायचे नाही हे त्या आलेखाने आधी सांगितले.

तीन तारांच्या सेन्सरची रीत वेगळी आहे. यातले बहुतेक सेन्सर एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर (चुंबकाच्या प्रभावात वीज वाहताना तिच्या आडव्या दिशेने व्होल्टेज निर्माण होते, त्यावर) चालतात. (इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये, आणि त्याच वर्षी कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी ऑसिलोस्कोपची मूळ नळी तयार केली, हॉल यांचा शोध या दोन्हींच्या १८ वर्षे आधीचा आहे, याचे मला आजही नवल वाटते.) हॉल सेन्सरला एक तार पुरवठ्याची, एक अर्थिंगची आणि एक सिग्नलची असते, आणि त्याचे ओहम मोजण्यात काहीच अर्थ नसतो, कारण आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्याचा आलेख चौकोनी येतो आणि उंची वेगाबरोबर बदलत नाही. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: बहुतेक हॉल सेन्सर सिग्नलचे व्होल्टेज स्वतः तयार करत नाहीत, ईसीयूने सिग्नलच्या तारेवर दिलेले व्होल्टेज, बहुधा ५ व्होल्ट, ते फक्त अर्थिंगकडे खाली ओढतात आणि सोडतात. त्यामुळे कपलर काढून, इग्निशन चालू ठेवून सिग्नलच्या तारेवर ते ५ व्होल्ट येतात का हे पाहिले, की निम्मे काम होते. ते येत नसतील तर सेन्सर कितीही नवा बसवला तरी उपयोग नाही. आलेखाचा तळ शून्याजवळ न येता वरच तरंगत असेल, तर सेन्सरला दोष देण्याआधी अर्थिंग तपासावे, आणि तेही सेल्फ मारताना, कारण सैल अर्थिंगचे खरे रूप ओझे आल्यावरच दिसते.

दोन्ही सेन्सर एकदम पाहण्याचा फायदा तर याहून मोठा आहे. पी ००१६ हा कोड क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असे सांगतो, आणि पुष्कळदा त्यावरून कॅमचा सेन्सर बदलला जातो. स्कोपच्या एका चॅनलवर क्रँक आणि दुसऱ्यावर कॅम घेतला की, मोकळ्या जागेपासून कितव्या दाताला कॅमचा सिग्नल बदलतो हे सरळ मोजता येते. क्रँकच्या स्प्रॉकेटला (कॅमकडे जाणारा टायमिंगचा पट्टा फिरवणाऱ्या चाकाला) २० दात असतील आणि टायमिंगचा पट्टा एक दात सटकला असेल, तर क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांचा फरक पडतो. म्हणजे साठ दातांच्या चाकावर कॅमची खूण बरोबर ३ दात पुढे किंवा मागे दिसते. चेन ताणली गेली असेल तर फरक याहून कमी असतो, पण तोही दिसतो. इंजिन न उघडता, झाकण न काढता हे कळते. फक्त ज्या इंजिनांत व्हॉल्व्हचे टायमिंग चालताना बदलते, त्यांत ही तुलना कॅम आपल्या मूळ जागेवर असताना, म्हणजे सेल्फवर किंवा शांत आयडलिंगला करावी. नाहीतर निरोगी इंजिनालाही आपण आजारी ठरवू.

ही तपासणी करताना काही पथ्ये पाळावी लागतात, आणि ती मी आग्रहाने सांगतो. तारेच्या आवरणात सुई टोचू नये. आज टोचलेल्या छिद्रातून पाणी शिरते आणि काही महिन्यांनी तीच तार आतून हिरवी पडते. प्रोबच्या वायरी पंखा आणि पट्ट्यांपासून दूर बांधून घ्याव्यात. दोन तारांच्या सेन्सरचे व्होल्टेज वेगाबरोबर चढत असल्याने दहास एक प्रमाणात सिग्नल कमी करणारा प्रोब वापरावा, आणि इग्निशन कॉइलच्या तारांना हा प्रोब लावू नये, कारण तिथे शेकडो व्होल्ट उसळतात. आणखी एक बाब कमी लोकांना माहीत असते. दोन तारांच्या सेन्सरच्या दोन्ही तारा पुष्कळ गाड्यांत थेट अर्थिंगला जोडलेल्या नसतात. अशा वेळी स्कोपची काळी क्लिप त्यातल्या एका तारेला लावली, आणि स्कोप भिंतीतल्या विजेवर किंवा चार्जरला लावलेल्या लॅपटॉपवर चालत असेल, तर ती तार स्कोपमार्फत अर्थिंगला जोडली जाऊ शकते, आणि चांगला सिग्नल आपणच बिघडवतो. स्कोप बॅटरीवर चालवावा, किंवा दोन तारा दोन चॅनलवर घेऊन त्यांची वजाबाकी पाहावी. दुरुस्तीत या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तर ओहम तेच येतात, लाटाही तेवढ्याच उंच येतात, पण लाट शून्यरेषा ज्या दिशेने ओलांडते ती दिशा उलटते, आणि ईसीयू नेमकी तीच पाहत असल्याने टायमिंग चुकते. हा दोषही आलेखातच दिसतो, इतर कुठेही नाही.

यासाठी भारी उपकरण लागते हा समज खरा नाही. साठ दातांच्या चाकाचा सिग्नल ६००० फेऱ्यांवरही सेकंदाला ६००० लाटांचा असतो, आणि इतका वेग लॅपटॉपला जोडायचा अगदी प्राथमिक दोन चॅनलचा स्कोपही आरामात पेलतो. उणीव असते ती तुलनेसाठी लागणाऱ्या चांगल्या आलेखांची. आजारी इंजिनाचा आलेख ओळखायचा तर त्याच इंजिनाचा निरोगी आलेख आपल्यापाशी असावा लागतो, आणि तो मिळवण्याची वेळ म्हणजे साधी सर्व्हिसिंगला आलेली, कसलीही तक्रार नसलेली गाडी समोर उभी असते ती. मी गेली काही वर्षे अशा प्रत्येक गाडीचा क्रँक आणि कॅमचा एकत्रित आलेख सेल्फवर आणि आयडलिंगला घेऊन इंजिनाच्या प्रकारानुसार साठवून ठेवतो. त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

लेखकांना माझी विनंती आहे की, पुढच्या लेखात त्यांनी चांगल्या आणि बिघडलेल्या आलेखांची दोन-तीन चित्रे शेजारी शेजारी द्यावीत, आणि वाचकांना एवढे सांगावे की सेन्सर बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिककडे त्या सिग्नलचे चित्र मागावे. अशी चित्रे छापायची असतील तर माझ्याकडचे आलेख मी आपल्या दैनिकाला आनंदाने देईन.

कळावे,
आपला नम्र,
एक मोटार मेकॅनिक